परिचारिकेची वही आणि औषधाची खिडकी

१२ मे हा फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचा जन्मदिन जगभर परिचारिका दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी आपल्या रुग्णालयांतून दिवे लावले जातात, शुभ्र गणवेशातील परिचारिका शपथ घेतात, प्रमुख पाहुणे सेवा, त्याग आणि वात्सल्य यांवर चार शब्द बोलतात व गुलाबपुष्पे वाटून समारंभ संपतो. या समारंभात वावगे असे काही नाही. पण ज्या बाईंच्या नावाने तो होतो त्यांच्या हाती दिव्याइकीच दुसरी एक वस्तू सदैव असे. तिचा मात्र कोणी उल्लेखही करीत नाही. ती वस्तू म्हणजे आकडे टिपण्याची वही.

१८५४ च्या नोव्हेंबरात नाइटिंगेलबाई क्रिमियन युद्धातील जखमींच्या शुश्रूषेसाठी तुर्कस्तानातील स्कुटारीच्या लष्करी रुग्णालयात पोहोचल्या, ही कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. पुढची कथा फारशी सांगितली जात नाही. युद्ध संपल्यावर मायदेशी परतून त्यांनी विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या साहाय्याने सैन्यातील मृत्यूंची छाननी केली, तेव्हा असे निष्पन्न झाले की बहुसंख्य शिपाई शत्रूच्या गोळीने मेलेच नव्हते. घाण, कोंदट हवा, तुंबलेली गटारे यांतून फैलावणाऱ्या आणि टाळता येण्याजोग्या रोगांनी त्यांचा बळी घेतला होता. १८५८ मध्ये हे सत्य त्यांनी रंगीत वर्तुळाकार आकृत्यांच्या रूपाने राज्यकर्त्यांपुढे ठेवले. त्याच वर्षी लंडनच्या संख्याशास्त्रीय संस्थेने त्यांना आपली पहिली महिला सदस्य म्हणून निवडले. हिंदुस्थानातील लष्करी छावण्यांच्या आरोग्याविषयीचा शाही आयोगाचा १८६३ चा अहवालही बव्हंशी त्यांच्याच परिश्रमांचे फळ होता. पुढे पुण्याच्या सार्वजनिक सभेशीदेखील त्यांचा पत्रव्यवहार होता.

याहून बोधप्रद प्रसंग आहे तो लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील. नाइटिंगेलबाईंच्या नावाने उभारलेल्या निधीतून तेथे सुइणींच्या शिक्षणासाठी एक प्रसूतिकक्ष चालविला जात होता. बाळंतज्वराने तेथे स्त्रिया दगावू लागल्या, आणि १८६७ मध्ये तो कक्ष बंद करण्यात आला. बाई तेवढ्यावर थांबल्या नाहीत. त्यांनी ठिकठिकाणच्या प्रसूतिगृहांतील मृत्यूंचे आकडे जमविले, घरी होणाऱ्या बाळंतपणांशी ते ताडून पाहिले, आणि १८७१ मध्ये पुस्तक लिहून निष्कर्ष मांडला की गरिबाच्या घरापेक्षा प्रसूतिगृहातच बाळंतिणीच्या जिवाला अधिक धोका आहे. आपल्याच नावाने चाललेले काम आपल्याच आकड्यांच्या कसोटीला लावण्याचे हे धैर्य म्हणजेच रुग्णसेवेतील संशोधनाचा प्रारंभ होय.

संशोधन म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर प्रयोगशाळा, सूक्ष्मदर्शक आणि परदेशी पदवी येते. रुग्णाच्या खाटेशी आठ तास उभी राहणारी परिचारिका आणि औषधाच्या खिडकीआड उभा असलेला औषधनिर्माता यांचा संशोधनाशी संबंध असावा, हे आपल्या मनातही येत नाही. वस्तुतः रुग्णाचे बरे-वाईट अनेकदा याच दोघांच्या निरीक्षणावर ठरते. ते निरीक्षण नुसते मनात राहिले तर अनुभव होतो. मोजून, ताडून, नोंदवून ठेवले की त्याचे शास्त्र बनते. आणि ज्यांनी ते मोजले त्यांना त्यानुसार वागण्याचा अधिकार मिळाला, तरच त्या शास्त्राने माणसे वाचतात. हा शेवटचा दुवा आपल्याकडे तुटलेला आहे.

परंपरा आणि पडताळा

दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या पाठीवर, कमरेवर, टाचांवर ज्या जखमा होतात त्यांना शय्याव्रण म्हणतात. ज्याच्या घरी वृद्ध माणूस महिनोन्महिने पडून होते त्याला या जखमांचे दुःख सांगावयास नको. त्या टाळण्यासाठी स्पिरिट चोळणे, पावडर लावणे असे नाना उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले. इंग्लंडमध्ये तर अंड्याचा पांढरा बलकही लावीत असत. यांतील कोणता उपाय खरोखर लागू पडतो हे कोणी तपासले नव्हते. डोरीन नॉर्टन या परिचारिकेने दोन सहकाऱ्यांसमवेत वृद्ध रुग्णांचा पद्धतशीर अभ्यास करून १९६२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. चोळण्या-लावण्याच्या उपायांपेक्षा रुग्णाची कूस नियमितपणे बदलून त्वचेवरचा दाब हलका करणे हेच परिणामकारक ठरते, असे त्यातून दिसून आले.

त्याच अभ्यासातून एक साधी गुणपद्धती जन्माला आली. रुग्णाची शारीरिक अवस्था, मानसिक अवस्था, चालण्याफिरण्याची क्षमता, अंथरुणातील हालचाल आणि मलमूत्रावरील ताबा या पाच गोष्टींना प्रत्येकी एक ते चार गुण द्यावयाचे. वीसपैकी चौदा किंवा कमी गुण पडले की तो रुग्ण धोक्यात आहे असे समजावयाचे. यासाठी ना यंत्र लागते ना औषध. जखम होण्यापूर्वीच कोणाकडे अधिक लक्ष द्यावे, हे मात्र त्यातून कळते.

दुसरे उदाहरण शस्त्रक्रियेपूर्वीच्या उपवासाचे. रात्रीपासून पाण्याचा थेंबही द्यावयाचा नाही, मग शस्त्रक्रिया सकाळी आठला असो की दुपारी दोनला, ही रीत आपल्यापैकी अनेकांनी पाहिली आहे. १९७२ मध्ये इंग्लंडमधील हॅमिल्टन स्मिथ यांच्या परिचर्याविषयक अभ्यासाने दाखवून दिले की रुग्णांना आवश्यकतेपेक्षा कितीतरी अधिक काळ उपाशी व तहानलेले ठेवले जाते, आणि त्यामागे शास्त्रापेक्षा वॉर्डाची सोय अधिक असते. सर्वसाधारण रुग्णाला शस्त्रक्रियेपूर्वी दोन तासांपर्यंत साधे पाणी देण्यास हरकत नाही, असे आजचे भूलशास्त्र सांगते. तरीही जुनी रीत बऱ्याच ठिकाणी तशीच चालू आहे. ज्ञान उपलब्ध होणे आणि ते खाटेपर्यंत पोहोचणे यांत किती अंतर असते, याचा हा एक दाखला.

बेळगावच्या नर्सबाई

हे सारे विलायतेतील झाले, आपल्याकडे कोण करतो, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर बेळगाव जिल्ह्यातील खेड्यांनी दिलेले आहे. बाळंतपणानंतरचा अतिरक्तस्राव हे जगभर मातामृत्यूचे एक प्रमुख कारण आहे. तो थांबविण्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन उत्तम. पण ते थंड जागी साठवावे लागते व टोचण्यास प्रशिक्षित हात लागतात. खेड्यातील उपकेंद्रात किंवा झोपडीत होणाऱ्या बाळंतपणात या दोन्ही गोष्टी मिळतीलच असे नाही. मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्या तोंडाने देऊन हे काम भागेल काय, असा प्रश्न बेळगावच्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी अमेरिकन सहकाऱ्यांसमवेत हाती घेतला.

२००२ ते २००५ या काळात चार प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या परिसरातील १,६२० स्त्रियांवर ही चाचणी झाली. निम्म्यांना खरी गोळी आणि निम्म्यांना तशीच दिसणारी निरुपद्रवी गोळी देण्यात आली. कोणाला कोणती मिळाली हे देणारीलाही ठाऊक नव्हते. गोळी देणारी, रक्त मोजणारी आणि नोंद करणारी होती ती गावोगाव पायपीट करणारी साहाय्यकारी परिचारिका-प्रसाविका, म्हणजे आपल्या ओळखीची नर्सबाई. २००६ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आले होते. दर अठरा बाळंतिणींना गोळी दिली की त्यांतील एकीचा अतिरक्तस्राव टळत होता. २०११ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने, जेथे ऑक्सिटोसिन मिळत नाही किंवा सुरक्षितपणे देता येत नाही अशा ठिकाणांसाठी, या उपयोगाकरिता मिसोप्रोस्टॉलचा समावेश आवश्यक औषधांच्या यादीत केला.

या चाचणीतून मिळालेली दुसरी वस्तू गोळीइतकीच मोलाची आहे. किती रक्त गेले हे आजवर डोळ्यांनी अजमावले जाई. लुगड्यात मुरलेले, जमिनीवर सांडलेले रक्त नजरेने मोजणार तरी कसे? म्हणून बाळंतिणीखाली पसरावयाची एक प्लास्टिकची चादर तयार करण्यात आली. तिच्या टोकाला निमुळती पिशवी आणि पिशवीवर मापाच्या खुणा. या चादरीने मोजलेले रक्त आणि नजरेचा अंदाज ताडून पाहता, अंदाज सुमारे ३३ टक्क्यांनी कमी भरतो असे आढळले. अनुभवी नजरही तिसरा हिस्सा रक्त पाहत नव्हती!

या मोजमापाचे महत्त्व पुढे आणखी स्पष्ट झाले. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका व टांझानिया या देशांतील ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून अधिक बाळंतपणांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. खुणांची चादर वापरून रक्तस्राव वेळीच ओळखावयाचा आणि ओळखताच गर्भाशयाचे मर्दन, औषधे, सलाइन व तपासणी हे सर्व उपाय एकामागून एक वाट पाहत न बसता एकत्रच करावयाचे, अशी ती पद्धत होती. नेहमीच्या पद्धतीत जेमतेम निम्मे अतिरक्तस्राव वेळीच ओळखले जात होते. नव्या पद्धतीत शंभरातील ९३ ओळखले गेले. तीव्र रक्तस्राव, त्यासाठीची पोटाची शस्त्रक्रिया किंवा मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण ४.३ टक्क्यांवरून १.६ टक्क्यांवर उतरले. हे काम प्रामुख्याने प्रसूतिकक्षातील परिचारिका व प्रसाविकांच्या हातून झाले.

खिडकीआडचा माणूस

आता औषधनिर्मात्याकडे वळू. वर उल्लेखिलेले ऑक्सिटोसिन दोन ते आठ अंश सेल्सिअस तापमानात ठेवावे लागते. ते उन्हात किंवा बंद पडलेल्या शीतकपाटात राहिले तर बाटली तशीच दिसते, लेबलही तेच असते. गुण मात्र उतरलेला असतो. परिचारिकेने अचूक वेळी टोचलेले इंजेक्शन अशा वेळी पाण्याच्या मोलाचे ठरते. शीतकपाटाचे तापमान दिवसातून दोनदा वहीत टिपणारा औषधनिर्माता बाळंतिणीला कधी पाहतही नाही. पण तिचा जीव त्याच्या वहीवर अवलंबून असतो.

औषध देण्यात चुका किती होतात, याचा पहिला धीट शोध औषधनिर्मात्यांनीच घेतला. १९६२ मध्ये अमेरिकेतील केनेथ बार्कर व वॉरन मॅकॉनेल यांनी रुग्णालयातील औषधवाटपाचे प्रत्यक्ष निरीक्षण केले. दर शंभर मात्रांमागे सुमारे १६ चुका आढळल्या: कधी मात्रा राहून गेलेली, कधी चुकीच्या प्रमाणात दिलेली. रुग्णालयाच्या दप्तरी मात्र यांतील फारच थोड्या चुकांची नोंद होती. परिचारिका निष्काळजी होत्या असा याचा अर्थ नव्हे. ज्या पद्धतीत मोठ्या बाटल्यांतून घाईघाईने अनेकांची औषधे काढावी लागतात, ती पद्धतच चुकांना जन्म देते, हे त्यातून उघड झाले. प्रत्येक रुग्णाच्या नावे एकेक मात्रा औषध विभागातूनच तयार करून पाठविण्याची पद्धत अमेरिकेत रूढ झाली ती त्या दशकातील अशाच अभ्यासांमुळे.

१९९९ मध्ये बोस्टनच्या मॅसॅच्युसेट्स जनरल रुग्णालयातील एक अभ्यास प्रसिद्ध झाला. अतिदक्षता विभागात डॉक्टरांच्या सकाळच्या फेरीत एका औषधनिर्मात्याला सामील करून घेण्यात आले. बदल एवढाच. औषध लिहिताना होणाऱ्या चुकांमुळे उद्भवणारे, टाळता येण्याजोगे दुष्परिणाम दर हजार रुग्णदिवसांमागे १०.४ होते ते ३.५ वर आले. औषधनिर्मात्याने केलेल्या ३६६ सूचनांपैकी ३६२ डॉक्टरांनी मान्य केल्या. वाद झाले नाहीत, कोणाचा मान गेला नाही. चिठ्ठी लिहिली गेल्यानंतर खिडकीशी अडण्याऐवजी लिहिली जात असतानाच एक जाणकार माणूस शेजारी होता, इतकेच.

चाळीस वर्षांनंतर तेच विष

या प्रश्नाची दाहकता महाराष्ट्राला वेगळी सांगावयास नको. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरॉल दिलेले चौदा रुग्ण मूत्रपिंडे निकामी होऊन दगावले. त्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष मिसळलेले होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या चौकशी आयोगाने औषधखरेदी व तपासणी यांतील बेपर्वाई आणि भ्रष्टाचार चव्हाट्यावर आणला. त्या अहवालावर बरीच चर्चा झाली. आणि २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा भागात, खोकल्याच्या औषधातील त्याच विषाने वीसहून अधिक बालके मरण पावली. त्यांतील अनेकांना उपचारासाठी नागपुरास आणण्यात आले होते.

विषारी औषध बाजारात येऊ नये ही शासनाची व उत्पादकाची जबाबदारी. ती परिचारिकेच्या वा औषधनिर्मात्याच्या गळ्यात मारता येणार नाही. पण ते आलेच, तर पहिल्या रुग्णानंतर ओळखले जाते की विसाव्यानंतर, हे कशावर ठरते? एकसारख्या लक्षणांचे दोन रुग्ण पाहून प्रश्न विचारणाऱ्या माणसावर, आणि कोणत्या क्रमांकाच्या घाण्यातील बाटली कोणाला दिली हे सांगणाऱ्या वहीवर. भारतात २०१० पासून औषधांच्या दुष्परिणामांवर लक्ष ठेवणारा राष्ट्रीय कार्यक्रम चालू आहे. त्याचा नोंदपत्रक डॉक्टरांप्रमाणेच परिचारिका व औषधनिर्मातेही भरू शकतात. हा अधिकार कागदावर आहे. तो किती वॉर्डांत वापरला जातो, याची चौकशी प्रत्येक रुग्णालयाने स्वतःपुरती करून पाहण्यासारखी आहे.

थांबविण्याचा अधिकार

नोंदीला अधिकाराची जोड मिळाली की काय होते, हे अमेरिकेतील मिशिगन राज्यात दिसले. मोठ्या शिरेत घातलेल्या नळीतून होणारा जंतुसंसर्ग हा अतिदक्षता विभागातील रुग्णांचा काळ असतो. तेथे पाच साध्या गोष्टींची यादी करण्यात आली: हात धुणे, रुग्णाला निर्जंतुक कापडाने पूर्ण झाकणे, त्वचा क्लोरहेक्सिडिनने पुसणे, शक्यतो जांघेतील शीर टाळणे आणि गरज संपताच नळी काढणे. यांतील एकही गोष्ट नवी नव्हती. नवे होते ते हे की, एखादी पायरी चुकली तर डॉक्टरला तेथल्या तेथे थांबविण्याचा अधिकार परिचारिकेला देण्यात आला. शंभरावर अतिदक्षता विभागांत राबविलेल्या या प्रयोगाचे फळ २००६ मध्ये प्रसिद्ध झाले: दीड वर्षात संसर्गाचे प्रमाण ६६ टक्क्यांपर्यंत घटले होते.

अधिकाराबरोबर हवा तो वेळ. लिंडा एकेन या परिचर्याशास्त्रज्ञ विदुषीने पेनसिल्व्हेनियातील १६८ रुग्णालयांचा अभ्यास करून २००२ मध्ये दाखवून दिले की परिचारिकेच्या वाट्याला येणाऱ्या प्रत्येक अधिक रुग्णामागे शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाच्या मृत्यूची शक्यता ७ टक्क्यांनी वाढते. चारऐवजी आठ रुग्ण असतील तर ती ३१ टक्क्यांनी वाढते. हे आकडे हाती घेऊन, रात्रपाळीस एका सिस्टरकडे तीस-चाळीस खाटा सोपविणाऱ्या आपल्या रुग्णालयांचा विचार करावा. रिक्त पदे न भरून वाचविलेला पगार कोणत्या खात्यातून वसूल होतो, हे अंदाजपत्रकात दिसत नसते.

वर जाणारे आकडे

आपल्याकडे नोंदी होत नाहीत असे मात्र कोणी म्हणू नये. किंबहुना नोंदवह्यांच्या ओझ्याखाली परिचारिका वाकल्या आहेत. दाखल रुग्णांची वही, औषधांची वही, इंजेक्शनची वही, साठ्याची वही, मासिक अहवाल, आणि आता तेच सारे पुन्हा संगणकावर. आकडे वॉर्डातून कार्यालयात, तेथून जिल्ह्याला, तेथून मंत्रालयात जातात. वर गेलेला आकडा उत्तर होऊन खाली येत नाही. आपल्या वॉर्डात गेल्या तिमाहीत शय्याव्रणे वाढली की घटली, हे ते आकडे भरणारीलाच कोणी सांगत नाही. हिशेब तपासनिसासाठी भरलेली वही आणि रुग्णासाठी भरलेली वही यांत हा फरक आहे.

शिक्षणाच्या अंगाने पाहिले तर सामग्री तयार आहे. परिचर्येच्या पदवी अभ्यासक्रमात संशोधनाचा विषय आहे. रुग्णाभिमुख औषधनिर्मात्यांसाठी फार्म. डी. हा सहा वर्षांचा अभ्यासक्रम २००८ पासून चालू आहे. रुग्णाला औषधाविषयी समजावून सांगणे हे औषधनिर्मात्याचे कर्तव्य आहे, असे २०१५ चे नियम सांगतात. पण विद्यार्थिनीचा संशोधन-प्रबंध परीक्षेनंतर कपाटात जातो आणि औषधनिर्माता खिडकीतून गोळ्या मोजून देण्यापलीकडे जात नाही.

यावर उपाय खर्चिक नाहीत. प्रत्येक वॉर्डाने एकच प्रश्न निवडावा. शय्याव्रण, चुकलेली मात्रा, सलाइनच्या जागी आलेली सूज, काहीही चालेल. तीन महिने मोजावे, एक बदल करावा, पुन्हा तीन महिने मोजावे, आणि निष्कर्ष त्याच वॉर्डाच्या भिंतीवर लावावा. त्या बदल्यात दोन निरुपयोगी वह्या बंद कराव्या. आठवड्यातून एकदा तरी औषधनिर्मात्याने डॉक्टरांच्या फेरीबरोबर जावे. आपण होऊन चूक सांगणाऱ्याला कारणे दाखवा नोटीस मिळणार नाही, याची हमी अधीक्षकांनी द्यावी. कारण जेथे शिक्षेची भीती असते तेथे वह्या नेहमीच निष्कलंक असतात. आणि ज्या पदांना मंजुरी आहे ती तरी भरली जावीत.

यात डॉक्टरांचे महत्त्व कमी होते असे मानण्याचे कारण नाही. रोगाचे निदान डॉक्टर करतो, उपचार तोच ठरवितो. पण ठरविलेला उपचार रुग्णापर्यंत योग्य वेळी, योग्य मात्रेत, इजा न करता पोहोचतो की नाही, हे पाहणारे डोळे दुसऱ्यांचे असतात. त्या डोळ्यांना दिसलेले सत्य विचारणारे कोणी नसेल तर ते वायाच जाते. पुढच्या १२ मे रोजी प्रमुख पाहुण्यांनी भाषणापूर्वी वॉर्डातील सिस्टरला एवढेच विचारावे: गेल्या वर्षी तुम्ही काय मोजलेत, आणि त्यामुळे काय बदलले? या प्रश्नाला ज्या रुग्णालयात उत्तर मिळेल, तेथे आपला माणूस निर्धास्तपणे ठेवावा.